पंधरा सेंटिमीटरवरची गाठ

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. अमावास्येला टिपूर चांदणं पडलेलं मी इथे वाचलंय आणि कोकणात समुद्रातून सूर्य उगवलेलाही. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे असलं काही आपोआप डोळ्यांना टोचतं. भूत, करणी, संकेत... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं मी कबूल करणार नाही. तरी हे लिहायला बसलेय, कारण माझ्यामागे हे सांगणारं दुसरं कोणी नाही. वाचा, आणि माझ्या हिशेबात चूक सापडली तर जरूर कळवा. मला ती इतक्या वर्षांत सापडलेली नाही.

आम्ही दोघीच – मी आणि आई. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक, लिफ्ट नाही. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, लग्न मी केलं नाही, विषय संपला. आईचं माहेर शनिवार पेठेतलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं स्थलांतर म्हणजे शनिवारातून नारायणात, चालत बारा मिनिटं. मी सांगतेय तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. रोज सकाळी साडेनऊला पिशवी घेऊन मंडईत जायची आणि अकराच्या आत परत येऊन भाजी निवडायला बसलेली असायची. स्मरणशक्ती माझ्यापेक्षा तल्लख, जीभही.

तिची एक सवय आधीच सांगायला हवी. मिठाईच्या खोक्याचा दोरा, किराण्याच्या पुड्यांचा दोरा, साडीच्या पार्सलची सुतळी – यातलं काही ती टाकायची नाही. आता हे आमच्याकडे घरोघरी चालतं म्हणा. पण आई नुसता साठवायची नाही. प्रत्येक गाठ सोडवून, दोरा हाताने सरळ करून, एका मोठ्या गुंडाळीला जोडायची आणि ती गुंडाळी बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. कात्री लावणं म्हणजे तिच्या लेखी आळशीपणा. दुपारी झोप येत नसे, म्हणून सुई घेऊन गाठी उकलत बसायची. गाठ दिसली आणि तिने सोडली नाही, असं मी कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी लक्षद्वीपला गेले. मोबाईल आलेले नव्हते, एसटीडी बूथवर लोक रांगा लावायचे तो काळ. "लक्षद्वीप ही प्रवाळ बेटे आहेत" हे वाक्य मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलं होतं की एकदा तरी डोळ्यांनी बघावं असं फार मनात होतं. शाळेतल्या पाटणकरबाई बरोबर होत्या. परवाने, दाखले, कोचीपर्यंत रेल्वे, मग जहाज. कोचीचा किनारा दिसेनासा व्हायच्या आत पाटणकरबाई आडव्या झाल्या आणि नंतरचे सगळे दिवस त्यांनी डोळे मिटूनच काढले. त्यामुळे पुढच्या गोष्टीला त्यांची साक्ष नाही.

मिनिकॉय हे त्या बेटांमधलं अगदी दक्षिणेचं. लांबीला दहा किलोमीटर, रुंदी जेमतेम, आणि उंची म्हणाल तर नारळाची झाडं आणि त्यांच्या वर डोकं काढून उभं असलेलं दीपगृह, बस्स. बेटाच्या आतल्या शांत पाण्याला आमच्या पाठ्यपुस्तकात खाजण म्हणतात. खाजण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कायम चिखल यायचा. तिथे उभी राहिले आणि मनातल्या मनात माझ्या सगळ्या बॅचेसची माफी मागितली. गावात घरटी एक माणूस बोटीवर खलाशी. पुरुष जगभर फिरतात आणि बायका घर चालवतात, जावईच सासरी राहायला येतो. सगळीकडे सुकवलेल्या मासळीचा वास. मी चार दिवस भात, नारळ आणि घरून नेलेला चिवडा यावर काढले.

जुन्या काळी इथले लोक वाट कशी शोधायचे, असं मी दीपगृहावरच्या माणसाला विचारलं. त्याने मला मूसाकाकांच्या घरी पाठवलं. मूसाकाका ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तरुणपणी शिडाच्या होडीवर ते मालमी होते, म्हणजे वाट दाखवणारे. नंतर बरीच वर्षं मालवाहू बोटींवर होते. घरात त्यांची मुलगी अमीना आणि जावई इब्राहिम. इब्राहिमची स्वतःची मासेमारीची बोट होती. मूसाकाकांचं हिंदी मुंबईच्या गोदीतलं, माझं पुण्यातलं. दोन्ही सारखीच वाईट, त्यामुळे छान जमलं.

त्यांनी अमीनाला हाक मारून आतून एक वस्तू मागवली. काळ्या लाकडाची छोटी फळी, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. मधोमध भोक, त्यातून ओवलेली, तेल पिऊन काळी झालेली दोरी आणि दोरीवर चार गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणून फळी समोर धरायची, खालची कड क्षितिजावर टेकवायची. वरची कड बरोबर ध्रुवताऱ्याला लागली, की समजायचं आपण त्या गाठीच्या गावाच्या रेषेवर आलो. मग नुसतं पूर्वेला नाहीतर पश्चिमेला सरळ जात राहायचं, गाव येतंच. प्रत्येक गाठ म्हणजे एक गाव. फळीपासून सगळ्यात लांब मालदीव, मग मिनिकॉय, मग कोची, मग मंगळूर.

म्हणजे अक्षांश. मी वर्गात गोल काढून, रेघा मारून, घसा कोरडा करून जे समजावत होते ते या माणसाने दातात धरलेलं होतं. मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. हेवा वाटला, हे खरं.

"काका, ही मला नेऊ द्याल?" मी म्हटलं. "कायमची नाही. जानेवारीत शाळेत प्रदर्शन आहे. मुलींना दाखवते आणि रजिस्टर पोस्टाने परत पाठवते."

त्यांनी दोरी फळीभोवती गुंडाळली. मग म्हणाले, "घरातला माणूस समुद्रावर असला की ही दोरी घरात असावी लागते."

"आत्ता कोण आहे समुद्रावर?"

कोणी नव्हतं. इब्राहिमची बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती, फळ्या बदलायचं काम चाललं होतं. जानेवारीअखेर ती पाण्यात उतरणार होती.

"मग तोवर माझ्याकडे असली तर तुमच्या नियमात बसतं की," मी म्हटलं. नियमातली फट शोधण्यात आम्हा शिक्षकांचा हात कोण धरणार. मूसाकाका हसले आणि फळी माझ्या हातात दिली. "गाठींना हात लावू नका, टीचर," एवढंच म्हणाले.

अमीना दारात उभी होती. तिला हे पसंत नव्हतं, ते दिसत होतं. निघायच्या दिवशी ती धक्क्यापर्यंत आली, माझा हात धरला आणि दोनच शब्द बोलली. "टीचर... जनवरी."

"हो हो, जानेवारी," मी म्हटलं.

पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी आलेखकागदावर दोरीचं जसंच्या तसं चित्र काढलं, प्रदर्शनासाठी. एकास एक प्रमाण. फळीची उंची पाच सेंटिमीटर. गाठींची अंतरं फळीपासून मोजली – मंगळूर बावीस, कोची साडेअठ्ठावीस, मिनिकॉय चौतीस, मालदीव अडुसष्ट. त्रिकोणमितीने ताडून बघितलं तर सगळी अक्षांशाला धरून. एका संध्याकाळी गच्चीवर जाऊन ध्रुवावरही धरून पाहिली. आपल्याकडे तो किती तरी वर. मंगळूरची गाठ दातात धरली तरी फळीच्या वरच राहतो. पुण्याची गाठ त्या दोरीवर नव्हती. असायचं कारणही नव्हतं.

जानेवारीत प्रदर्शन पुढे ढकललं गेलं. फेब्रुवारीत घेऊ म्हणाले. मी अमीनाला पत्र टाकायला हवं होतं, किंवा दोरी पाठवून द्यायला हवी होती, चित्र होतंच माझ्याकडे. नाही पाठवली. खोटं कशाला बोलू – मला ती जवळ असावीशी वाटत होती. स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली होती. येता-जाता हात लावायचे. आईला मी फक्त "बेटावरची जुनी वस्तू आहे" एवढंच सांगितलं होतं. कशासाठी, कशी वापरतात, काही नाही. तिने विचारलं नाही आणि मी सांगत बसले नाही. रोज साठ मुलींना सांगून घरी आल्यावर बोलायचा कंटाळा यायचा.

फेब्रुवारीतला शुक्रवार. शाळा सकाळची. मी एक वाजता घरी आले तर दाराला कुलूप. आईची किल्ली खालच्या मजल्यावरच्या साठ्यांकडे असते, ती तिथे होती. म्हणजे ती साडेनऊला गेलेली आणि अजून आलेली नाही. एखादी मैत्रीण भेटली असेल म्हणून मी दोनपर्यंत थांबले. कुकर लावला, बंद केला. मग चपला घातल्या.

मंडईत आमची ठरलेली भाजीवाली, शांताबाई. ती म्हणाली, "आज्जी दहालाच गेल्या की ओ. मेथी घेतली. जुडी लहान हाय म्हनून भांडल्या, पैशे दिले आन् गेल्या."

भांडली म्हणजे नेहमीसारखी होती. मला तेवढ्यात बरं वाटलं. मग लक्षात आलं की दहाला निघालेली बाई अडीच वाजेपर्यंत घरी नाही.

पुढचे चार-पाच तास मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही, फक्त पाय आठवतात. लक्ष्मी रोडने दोनदा, कुंटे चौकातून शनिवारात, तिच्या माहेरच्या गल्लीत, तिथे आता ओळखीचं कोणी नाही. पुन्हा मंडई. साठे स्कूटरवरून दवाखाने बघून आले. मी चौकीवर गेले. हवालदाराने वय विचारलं. चौऱ्याहत्तर म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. "येतील हो. या वयात विसरतात वाट."

"माझी आई विसरत नाही."

"सगळ्यांच्याच आया, बाई," तो म्हणाला. वाईट बोलला नाही, पण मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. मग रस्त्यात येऊन मीच रडले. दिवसाढवळ्या, भर पेठेत.

साडेसहाला साठ्यांनी मला घरी पाठवलं. त्या आल्या तर घरात कोणीतरी हवं, म्हणाले. घरात मला बसवेना. या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीत, पुन्हा आत. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर बिस्किटांचा डबा, झाकण उघडं, गुंडाळीत सुई खोचलेली. शेजारी ती फळी. आदल्या दिवशी, गुरुवारी, शाळेत मीटिंग होती म्हणून मी संध्याकाळी उशिरा आले होते. दुपारभर आई एकटी होती.

दोरी हातात घेतली. मालदीवची गाठ होती. तिच्या अलीकडे नुसती सरळ दोरी. मिनिकॉयची गाठ नव्हती.

आईने सुई घालून सोडवली होती. मग तिला कंटाळा आला असेल किंवा दुधाची वेळ झाली असेल, बाकीच्या तिने तशाच ठेवल्या. गाठ होती तेवढी जागा मात्र दिसत होती, कारण गाठीच्या पोटातली दोरी तेल-धुळीपासून वाचलेली. सगळी दोरी काळी आणि तेवढा तुकडा पिवळट, नवा.

मी काय विचार केला ते प्रामाणिकपणे लिहिते. मी विचार केला नाही. एका बेटावरच्या लोकांची घराची गाठ सुटलीय आणि ती सोडणारी बाई घरी पोचत नाहीये, अशी वाक्यं नंतर जुळवता येतात. तेव्हा फक्त हाताला चैन नव्हतं आणि समोर एक गोष्ट होती जी करता येण्यासारखी होती. पट्टी आणली. पिवळट तुकड्याचा मध्य चौतीस सेंटिमीटरवर. चित्राशी पडताळला. आणि तिथे गाठ घातली, पोरींच्या परकराच्या नाडीला घालतात तशी साधी, पण ओढून घट्ट. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच मिनिटं कमी होती. घड्याळ बघायची सवय शाळेमुळे.

साडेसातच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली.

"दार उघडं टाकून काय बसलीयस, शैला," आई म्हणाली. "डास येतात."

हातात पिशवी, पिशवीत सुकून गेलेली मेथी. मी तिला धरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की मी रडतेय. मग ती खाली बसली आणि पाय चेपू लागली. बराच वेळ पाणीच पीत होती.

"रस्ते सगळे तेच होते गं," ती म्हणाली. "लक्ष्मी रोड तोच, दुकानं तीच. फक्त आपल्या घराकडे वळायची गल्ली येईच ना. सरळ गेले की शनिवारात. परत फिरले की मंडई. असं किती वेळा..."

"अगं मग कुणाला विचारायचं नाहीस का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच हरवलेय. "काय विचारायचं? माझं घर कुठंय? या वयात, पेठेतल्या पेठेत?"

दहा तास पायपीट केली पण पुण्यात पत्ता विचारला नाही. हे मला अजिबात गूढ वाटत नाही. मी असते तर मीही विचारला नसता. पुढचं ऐका.

"मग दिवे लागले," आई म्हणाली. "आणि एकदम मनात आलं, असं गल्ल्या शोधत नाही जमायचं. आधी नदी गाठावी. नदी उजव्या हाताला धरावी आणि नुसतं सरळ चालत सुटावं, कुठंही वळायचं नाही. घर त्या रेषेवर आहे, येईलच. तशी चालत आले. आलं."

आधी रेषेवर या, मग रेषा सोडू नका. हे मूसाकाकांनी मला त्यांच्या अंगणात सांगितलं होतं. मी आईला सांगितलं नव्हतं. आणि दिवेलागणीची वेळ म्हणजे फेब्रुवारीत सातच्या आसपास.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर झाले, मेंदूचे फोटो झाले. वयाच्या मानाने उत्तम, म्हणाले. आईने डॉक्टरांना त्यांच्याच दवाखान्याचा रस्ता समजावून सांगितला, जवळचा. दोरी मी रुमालात गुंडाळून कपाटात कुलपात टाकली. आईला गाठीचं सगळं सांगितलं, पण पुढे तो विषय दोघींनी काढला नाही. मंडईत ती पुन्हा जायला लागली. मी मात्र रोज शाळेत दहा ते अकरा काय शिकवत होते, मला माहीत नाही. पहिल्या सुट्टीत ऑफिसातून साठ्यांकडे फोन करायचे, आली का म्हणून.

मार्चमध्ये अमीनाचं पत्र आलं. तिथल्या एका शिक्षकाकडून इंग्रजीत लिहवून घेतलेलं. जानेवारी होऊन गेला, असं त्यात कुठेही नव्हतं. लिहिलं होतं की फेब्रुवारीत बोट बाहेर जायला लागली. एका शुक्रवारी – तोच शुक्रवार, मी पत्रातली तारीख कॅलेंडरवर तीनदा बघितली – इब्राहिम आणि सात जण पहाटे गेले, दहाला परत फिरले आणि त्यांना बेट सापडेना. हवा स्वच्छ, होकायंत्र ठीक, लहानपणापासून तिथेच मासे धरणारी माणसं. डिझेल संपत आलं. गावातल्या बायका किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. साडेसातच्या जरा आधी त्यांना दीपगृहाचा दिवा दिसला, ज्या जागेवरून ते दिवसभरात तीनदा गेले होते तिथूनच. सगळे सुखरूप आले. शेवटी एक ओळ होती. अब्बा विचारतात, दोरीला काही झालं का? रागावलो नाही, फक्त माहीत असावं.

मी पत्र आईला वाचून दाखवलं. आठ माणसं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, योगायोग असतो, नारळाची झाडं लांबून दिसत नाहीत, बेट सपाट असतं. ती ऐकून घेत होती.

"दोरी पोस्टाने नको पाठवूस," ती म्हणाली. "मी येते. गाठ मी सोडलीय."

परीक्षा संपल्यावर, पावसाच्या आत, आम्ही गेलो. जहाजावर मी आडवी आणि आई डेकवर खुर्ची टाकून बसलेली. मिनिकॉयला तिला हात धरून उतरवलं. अमीनाने मला ओळख दाखवली, हसली मात्र नाही. मूसाकाकांना आता अजिबात दिसत नव्हतं.

आई त्यांच्यासमोर बसली आणि सरळ मराठीत बोलली. "माझ्या हातून सुटली हो गाठ. सवय आहे मेली. मला ठाऊक नव्हतं. तुमची माणसं..." मी हिंदी करायला तोंड उघडलं तर अमीनाने आईचा हात धरला होता.

मूसाकाकांनी दोरी घेतली. लांबच्या टोकापासून बोटं फिरवत आले. मालदीव, म्हणाले. मग थांबले. "ही माझी गाठ नाही... पण बसलीय जागेवर." कोची. मंगळूर. मला वाटलं, झालं. पण बोटं पुढे सरकत राहिली आणि फळीच्या अलीकडे थांबली.

"टीचर, ये कौनसा गाँव है?"

मी जवळ जाऊन बघितलं. पाचवी गाठ. लहान, टणक, बाकीच्यांसारखीच तेल पिऊन काळी झालेली. पर्समध्ये सहा इंची पट्टी असतेच. फळीपासून पंधरा सेंटिमीटर, केसभर कमी. मला कागद-पेन्सिल लागली नाही. साडेअठरा अंश. पुणे.

कोणी म्हणेल, मुंबई. मीही तिथेच म्हटलं. मुंबईची गाठ साडेचौदावर यायला हवी, अर्धा सेंटिमीटर अलीकडे, आणि माझा माझ्या पट्टीवर विश्वास आहे. शिवाय काका म्हणाले, दोरीच्या काळात ते मंगळूरच्या वर कधी गेलेच नाहीत. कोणी म्हणेल, ती आधीपासूनच होती आणि माझ्या नजरेतून सुटली. मग माझ्या चित्रात ती का नाही? आणि आलेखकागदावर मी शून्यापासून मिलिमीटर मोजत गेले होते. शुक्रवारी गाठ घातली तेव्हा मी फक्त चौतीसपाशी बघत होते, हे मात्र खरं. पंधराला काय होतं, मी पाहिलं नाही. नंतर दोरी कुलपात, किल्ली माझ्याकडे.

"आई, तू घातलीस?"

"मी गाठी सोडते," आई म्हणाली. "घालत नाही."

काका ती गाठ बराच वेळ अंगठ्याने चाचपत बसले. मग आईचा हात मागितला आणि तिचं बोट त्या गाठीवर टेकवलं. "रहने दो," म्हणाले. दोरी अमीनाने आत नेऊन खिळ्याला लावली. त्या क्षणी माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि तेवढंच काहीतरी चढलं. आमच्या घराची गाठ आता सातशे मैलांवर, परक्याच्या भिंतीवर होती.

आई त्यानंतर सहा वर्षं होती. शेवटच्या महिन्यापर्यंत मंडईत एकटी गेली आणि अकराच्या आत आली. मिनिकॉयहून आल्यावर तिने डब्यातली गुंडाळी साठ्यांच्या सुनेला देऊन टाकली आणि पुन्हा एकही गाठ सोडली नाही. मूसाकाका तिच्या आधी गेले. इब्राहिम आता समुद्रावर जात नाही, गुडघे गेले.

मी यंदा चौऱ्याहत्तर पूर्ण केली. आलेखकागद अजून माझ्याकडे आहे, चार गाठी, कोणीही येऊन मोजावं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. विश्वासाचं म्हणाल तर सुरुवातीलाच लिहिलंय, माझा नाही. फक्त दर रविवारी सकाळी मी अमीनाला फोन लावते. ती आधी माझी तब्येत विचारत नाही, आत जाते, मला तिची पावलं ऐकू येतात. मग परत येऊन सांगते, "है, टीचर. पाँचों."

मग मी पिशवी उचलते आणि मंडईत जाते.